फायबरची जुनी होडी : आधी पाणी कुठून शिरते ते शोधा

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत किनाऱ्यावर चढवलेल्या होड्यांची डागडुजी निघते आणि या सदराकडे फायबरच्या होड्यांबद्दलची पत्रे येऊ लागतात. बहुतेकांची तक्रार सारखीच असते : दुरुस्ती केली, पण टिकली नाही. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. होडी साच्यात बनते तेव्हा ओल्या थरावर ओला थर पडतो आणि सगळे थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. दुरुस्तीत तसे होत नाही. कित्येक वर्षांपूर्वी घट्ट झालेल्या रेझिनवर (काचेचे धागे बांधून धरणाऱ्या राळेवर) नवे रेझिन नुसते चिकटते. ते किती घट्ट चिकटेल, हे खालचा भाग किती कोरडा, किती स्वच्छ आणि किती खरवडलेला आहे यावर ठरते. इथली कसर महाग सामानाने भरून निघत नाही.

आमच्या २४ फुटी होडीला ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन आहे. होडी बारा वर्षांची. वेग वाढवला की मागची फळी हलते आणि बोल्टजवळून तपकिरी पाणी गळतं. बाहेरून दोन थर फायबर मारून भागेल का? (हर्णै)

नाही भागणार. तपकिरी पाणी म्हणजे ट्रान्सममधले, म्हणजे मागच्या फळीतले, प्लायवुड कुजले आहे. मशीन पेलण्याची ताकद बाहेरच्या फायबरमध्ये नसून दोन्ही बाजूंच्या फायबरला जखडून धरणाऱ्या त्या प्लायमध्ये असते. प्लाय भुसभुशीत झाले की फायबरचे दोन पातळ थर सुटे वाकू लागतात. अशा फळीवर आणखी दोन थर चढवले तर कूज आत झाकली जाते, एवढेच.

कूज किती पसरली आहे ते आधी पाहा. लहान हातोडीने फळीवर दर चार-पाच सेंटिमीटरवर ठोका. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बसका. मग आतल्या बाजूने, तळाजवळ आणि बोल्टच्या खाली ५ मिमीची दोन-तीन भोके पाडून भुसा बोटांत चोळून पाहा. कोरडा, फिकट भुसा आला तर ती जागा शाबूत आहे. काळपट, ओला, आंबूस वासाचा आला तर तेवढे प्लाय गेले.

प्लाय कुजवते ते मुख्यतः पावसाचे पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही, गोडे मानवते. म्हणून मशीन उतरवून, बोल्टची भोके उघडी ठेवून चार महिने वाळूवर पडलेल्या होडीची फळी रोज समुद्रात जाणाऱ्या होडीच्या आधी जाते. शाकारणी करताना (पावसाळ्यासाठी होडी झाकताना) नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू थोडी उंच ठेवा, तळाचे बूच काढून ठेवा आणि बोल्टच्या भोकांना लाकडी खुंट्या मारून वर ताडपत्री घ्या.

आता काम. होडीला दोन्ही बाजूंनी आणि पठाणाखाली (तळाच्या मधल्या कण्याखाली) नीट टेकू द्या, नाहीतर फळी कापल्यावर बाजू फाकतात आणि नवी फळी त्याच फाकलेल्या आकारात कायमची बसते. आतले फायबर कडेने ५० ते ७५ मिमीची पट्टी राखून कापून काढा. बाहेरचे फायबर तसेच ठेवा, तोच तुमचा साचा. कुजलेले प्लाय छिन्नीने शेवटच्या कपच्यापर्यंत काढा, उघडे फायबर ३६ ते ४० नंबरच्या डिस्कने घासा आणि पूर्ण वाळू द्या. पुठ्ठ्याचा नमुना करून आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचे १८ मिमीचे दोन तुकडे कापा. एकावर एक चिकटवले की ३६ मिमी जाडी मिळते. जुनी जाडी वेगळी असेल तर तीच राखा, कारण मशीनच्या ब्रॅकेटला ठरावीक जाडीच चालते.

लाकूड आले की इपॉक्सी रेझिन वापरावे, असे आमचे ठाम मत आहे. पॉलिएस्टर रेझिन प्लायला बेताचेच धरते आणि मशीनच्या थरथरीने काही हंगामांत सुटू लागते. पण एकदा इपॉक्सी घेतले की वरचे सगळे थर इपॉक्सीचेच हवेत. पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही. शिवाय नेहमीची तुकडेदार मॅट (काचेच्या आखूड धाग्यांची चटई) इथे टाळा. तिच्यातले धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसल्याने मॅट ताठ राहते आणि नीट भिजत नाही. त्याऐवजी चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचे शिवलेले बायअ‍ॅक्सिअल (दोन दिशांना धागे असलेले) कापड घ्या.

प्लायच्या सगळ्या कडांना, विशेषतः कापलेल्या तोंडांना, पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. प्लायला दर १५ ते २० सेंटिमीटरवर ४ मिमीची भोके पाडा. बाहेरच्या फायबरवर सिलिकाची पूड घालून दाट केलेले इपॉक्सी दातेरी पट्टीने पसरा आणि प्लाय दाबून बसवा. भोकांतून लगदा सगळीकडे सारखा बाहेर आला तर आत हवा अडकलेली नाही. ज्या भोकातून काहीच आले नाही, तिथे पोकळी आहे. तिथे लगेच आणखी दाब द्या, किंवा प्लाय उचलून लगदा वाढवा. आवळण्यासाठी मशीनच्याच बोल्टच्या भोकांतून लांब बोल्ट आणि आडव्या लाकडी पट्ट्या लावा. बोल्टना मेण लावायला विसरू नका.

दुसऱ्या दिवशी आतल्या कोपऱ्यांत लगद्याने २० ते २५ मिमी त्रिज्येची गोलाई भरा. काटकोनात कापड बसत नाही, मागे हवा राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. मग कापडाचे चार थर द्या. पहिला होडीच्या बाजूंवर १० सेंटिमीटर चढेल असा, पुढचे १५ आणि २० सेंटिमीटर. दीड मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच फळीला सगळे मिळून साधारण ३ किलो कापड आणि ६ ते ७ किलो इपॉक्सी लागते.

सगळ्यात जास्त चालढकल होते ती बोल्टच्या भोकांत. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी १८ ते २० मिमीचे भोक पाडा, ते दाट इपॉक्सीने पूर्ण भरा, घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध १२ मिमीचे भोक पाडा. आता बोल्टचे पॅकिंग कधी गळले तरी पाण्याला प्लाय सापडत नाही. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, आतून वॉशरऐवजी रुंद प्लेट द्या आणि पॅकिंगला पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन वापरा. सिलिकॉन नको. ते सुटते, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंगही धरत नाही, रेझिनही नाही.

खडकाला लागून तळाला भोक पडलं, साधारण तळहाताएवढं. बाहेरून पुट्टी भरून वर मॅटचे दोन थर लावून घेतले. महिन्याभरात अख्खा पापुद्रा निघून आला. रेझिन खराब होतं का? (मालवण)

रेझिनचा दोष असण्याची शक्यता कमी. पापुद्रा उलटा करून पाहा. मागची बाजू गुळगुळीत असेल आणि तिला जुन्या रंगाचा पातळ थर लागलेला असेल, तर तो फायबरला कधी चिकटलाच नव्हता, रंगाला चिकटला होता. शिवाय सपाट तळावर लावलेल्या ठिगळाला कड असते. होडी लाटेवर आपटली की तळ लवचिकपणे आत-बाहेर होतो, जाड ठिगळ होत नाही आणि सगळा ताण त्या कडेवर येतो.

पद्धत अशी. प्रथम अ‍ॅसिटोनच्या फडक्याने मेण आणि तेल पुसा, मग घासा. क्रम उलटा झाला तर मेण ओरखड्यांत खोल भरते. भोवतालचे फायबर जिथे पांढुरके दिसते तिथे धागे रेझिनपासून सुटले आहेत. नाण्याने ठोकत ती हद्द शोधा आणि तेवढे सगळे कापून भोक गोल करा. कोपरा ठेवू नका. दिसणारे भोक १० सेंटिमीटरचे असले तरी कापून झाल्यावर ते १५ चे होणे नेहमीचेच आहे. मग कडेपासून बाहेर उतार घासायचा : जाडीच्या बारापट. तळ ८ मिमी जाड असेल तर चहूबाजूंनी साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या भोकासाठी ३५ सेंटिमीटरचे वर्तुळ. एवढे घासायला लोक कचरतात, पण नवा आणि जुना भाग एकमेकांना धरतात ते याच उतारावर. तो चार सेंटिमीटर ठेवला तर पकडही तेवढीच कमी.

आतून हात पोचत असेल तर उतार आतून घ्या आणि बाहेरून मेण लावलेला सनमायकाचा तुकडा घट्ट टेकवा. बाहेरचा आकार आपोआप जुळतो.

काचेचे थर : ४५० ग्रॅमची मॅट आणि ६०० ग्रॅमची विणलेली रोव्हिंग (जाड धाग्यांचे कापड) आलटून पालटून, सुरुवात आणि शेवट मॅटने. मॅटचा थर साधारण १ मिमी भरतो, रोव्हिंगचा ०.८. पाच मॅट आणि चार रोव्हिंग मिळून ८ मिमी होतात. सगळ्यात मोठा तुकडा आधी, मग लहान होत जाणारे. त्यामुळे पहिलाच थर सगळ्या उताराला चिकटतो आणि शेवटी वरून घासताना कापल्या जातात त्या फक्त लहान तुकड्यांच्या कडा. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोनपट रेझिन लागते, रोव्हिंगला जवळपास वजनाइतकेच. या भोकासाठी काच पाव किलो आणि रेझिन ४०० ग्रॅम होते. नासधूस आणि पुट्टी धरून पाऊण किलो आणा. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे. रेझिनची डबकी राहिली की तिथे नुसते ठिसूळ प्लॅस्टिक असते.

नऊ थर एका दमात देऊ नका. तीन-चार थर, प्रत्येकातली हवा खाचांच्या रोलरने काढून, मग गरमी ओसरेपर्यंत थांबा. सगळे एकदम दिले तर रेझिन तापून पिवळे पडते, आकसते आणि उतारावरून सुटते. पुढचे थर त्याच दिवशी द्यावेत. रात्र उलटली तर ६० नंबरच्या कागदाने पुन्हा घासून घ्या. रेझिन आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर मागा, साधे नको. शेवटी जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, अर्धा मिमी.

जुलैत केलेलं काम आठवडा झाला तरी चिकचिकीत आहे. हार्डनर वाढवायला हवा होता का? (श्रीवर्धन)

चिकचिक फक्त वरवरची आहे की आतपर्यंत, ते पाहा. नखाने दाबल्यावर वण उठत नसेल आणि फक्त पृष्ठभाग चिकट असेल तर काळजी नको. पॉलिएस्टरचा हवेला लागलेला थर प्राणवायूमुळे तसाच राहतो. अ‍ॅसिटोनने पुसून, घासून पुढे जा. शेवटच्या थरात स्टायरीनमध्ये विरघळवलेले मेण मिसळले की ते वर येऊन हवा अडवते.

नखाचा वण उठत असेल तर ते काढून टाकावेच लागेल. वर दुसरा थर मारून खालचा घट्ट होत नाही. कारण बहुधा ओल. कोंदट गोदामात ठेवलेली मॅट हवेतले पाणी धरते, हाताला कोरडी लागली तरी. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर काम थांबवणे शहाणपणाचे, म्हणजे कोकणातला जुलै जवळजवळ गेलाच. बंदीचा काळ सोयीचा वाटतो, पण तोडणे, घासणे आणि सुतारकाम त्यात करावे. रेझिनचे काम मार्च ते मेमध्ये, दव उडाल्यावर, सकाळी दहा ते दुपारी चार. पावसाळ्यातच करायचे असेल तर बंद शेड हवी, आणि मॅट आदल्या रात्रीपासून विजेचे दिवे लावलेल्या पेटीत ठेवून सुकवलेली.

प्रमाण : किलोभर रेझिनला हार्डनर, म्हणजे एमईकेपी, १० ते २० मिलि. उन्हाळ्यात १०, त्याहून कमी कधीच नाही. एक टक्क्याखाली रेझिन उशिरा नव्हे, अर्धेच घट्ट होते. वेळ हवा असेल तर लहान घाणे करा आणि रेझिन डब्यात न ठेवता पसरट तसराळ्यात ओता. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आधीच आहे की वेगळा घालायचा, ते दुकानातच विचारा. वेगळा असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच एमईकेपी. हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींसाठी वेगळी मापे ठेवा आणि बाटल्या एका खोक्यात ठेवू नका. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन लगेच दवाखाना. मोजताना सुरक्षा चष्मा हवाच. घासताना एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण रेझिनची वाफ अडवत नाही. आत वाकून काम करायचे असेल तर कार्बनच्या डब्यांचा मास्क आणि पंखा लागतो.

१९८० च्या दशकातली २८ फुटी शिडाची बोट वर्षभर नदीत नांगरलेली असते. पाण्याखालच्या भागावर वाटाण्याएवढे फोड आले आहेत. बोट बुडण्याचा धोका आहे का? (पणजी)

लगेच धोका नाही, पण ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबवूही नका. जेलकोटमधून पाण्याचा अंश सतत आत झिरपतो. आत रेझिनचे न जुळलेले घटक विरघळून आंबट द्रव होतो, तो आणखी पाणी ओढतो आणि दाबाने फोड उठतो. कोमट पाण्यात ही क्रिया वेगाने होते. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होड्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण त्यांना वाळायला वेळ मिळतो.

दहा-वीस फोड असतील तर चष्मा लावून एकेक फोडा, बशीसारखा खोलगट घासा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि इपॉक्सी-सिलिकाने भरा. पॉलिएस्टरची पुट्टी पुन्हा पाणी पिते, ती इथे नको. शेकडो असतील तर पाण्याखालचा सगळा जेलकोट काढावा लागेल. इथे लोक एक पायरी गाळतात : धुणे. नुसते वाळवून पाणी उडते, आंबट घटक आतच राहतात आणि दमट हवेतून पुन्हा ओल धरतात. पहिले दोन-तीन आठवडे दर तीन-चार दिवसांनी गरम गोड्या पाण्याने, शक्य तर प्रेशरने धुवा आणि मग वाळवा. ३० सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास उन्हात ठेवा. आतून घाम धरला तर आणखी थांबा. दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून बोट डिसेंबरात बाहेर काढली तर एप्रिलात लेप देता येईल. सॉल्व्हंट नसलेल्या इपॉक्सीचे पाच-सहा हात देऊन एकूण अर्धा मिमी जाडी करा. बोटीच्या आत तळाशी साचलेले पाणीही काढत राहा, ते आतून तेच काम करते.

होडीचा तळ लाटेवर धापा टाकल्यासारखा आत-बाहेर होतो. आतून मॅटचे चार थर वाढवावेत का? (देवगड)

वजन वाढेल, उपयोग बेताचा. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो हे खरे, पण ६ मिमीचे १० मिमी अख्ख्या तळावर करायला चिक्कार रेझिन जाते. त्याऐवजी दोन आधारांमधले अंतर निम्मे करा. तेवढ्याच जाडीचा तळ मग साधारण सोळापट कमी वाकतो. म्हणजे लांबीच्या दिशेने दोन नव्या कड्या (तळावर आतून बसवलेले लांब आधार).

पॉलियुरेथेन फोमच्या पट्ट्या, साधारण ७५ मिमी उंच आणि ६० मिमी रुंद, वरच्या कडा गोल करून तळावर पुट्टीत बसवा आणि त्यांवर मॅट आणि रोव्हिंगचे मिळून पाच-सहा थर द्या. दोन्ही बाजूंना तळावर निदान ७५ मिमी पाय पसरलेला हवा. फोम फक्त आकारासाठी, भार सगळा फायबरच घेतो. कडीचे टोक मध्येच तोडू नका. आडव्या भिंतीत किंवा फासळीत नेऊन बांधा, नाहीतर ३० सेंटिमीटरभर उतरते करत संपवा. तुटक संपलेल्या टोकाशी तळाला तडा जातो. आडवी लाकडी भिंत तळाला थेट टेकवली तरी तसेच होते, तिच्याखाली ६ ते १० मिमी फोमची पट्टी द्या. पाणी वाहून जाण्यासाठी कड्यांतून पाइपचे तुकडे आधीच घाला, नंतर भोक पाडले तर फोम पाणी पितो. आणि हे सगळे सुरू करण्याआधी पठाणाखाली दोरी ताणून होडी सरळ आहे ना ते पाहा. वाकडी टेकवलेली होडी कड्या बसल्यावर वाकडीच राहते.

वाळूवर ओढून पठाणाचं फायबर झिजलं आहे. लोखंडी पट्टी स्क्रूने मारू का? (वेंगुर्ला)

नको. प्रत्येक स्क्रू म्हणजे तळातले एक भोक, आणि लोखंड गंजून फुगले की ते रुंदावते. झिजलेला भाग घासून, वाळवून १००, १५० आणि २०० मिमी रुंदीच्या मॅट-रोव्हिंगच्या जोड पट्ट्या द्या. इथे अरुंद पट्टी आधी आणि रुंद शेवटी, म्हणजे वाळू कडांखाली शिरत नाही. वर इपॉक्सीत भरपूर सिलिका घालून ३ मिमीचा लेप द्या. तो झिजण्यासाठीच आहे. खालची काच दिसू लागली की पुन्हा द्यायचा.

जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवून घ्यावं का? (मुरुड)

गळती थांबवण्यासाठी म्हणून चढवत असाल तर नाही. फळ्या ओल्या झाल्या की फुगतात, वाळल्या की आकसतात. फायबर तसे हलत नाही, त्यामुळे सांध्यांवर तडे जातात. तड्यातून शिरलेले पाणी आत अडकते आणि लाकूड झाकलेल्या जागी, तुम्हाला न दिसता कुजते. सागाच्या तेलकट लाकडावर पॉलिएस्टर आणखी लवकर सुटते. होडी गळत असेल तर सांधे उघडून पुन्हा कापूस आणि चंद्रूस-तेल भरून घ्या, सैल झालेले खिळे बदला. त्या होडीला तेच मानवते.